नमुना

मालिमच्या जेटीला लागून बर्फाचा जो कारखाना होता
तिथे आता नाटकं होतात, चित्रं लागतात,
आणि रविवारी सकाळी मुलं
मातीचे मासे करायला शिकतात.
खरे मासे शंभर पावलांवर उतरत असतात.

मी तिथे एकतीस वर्षं अमोनिया सांभाळला.
म्हणजे वास येण्याआधी वास ओळखायचा,
दिवसपाळी, रातपाळी, चवथीलासुद्धा.
चवथीला माणसं घरी जातात,
अमोनिया जात नाही.

ऋजुता म्हणून मुलगी आली पुण्याहून, वही घेऊन.
काका, जुन्या कारखान्याचं प्रदर्शन करतोय आम्ही.
मी तिला लाद्या ओढायचे आकडे दिले,
बुडाला गंजलेले दोन डबे दिले,
तोंडाला बांधायचा माझा पंचा दिला
(तो तिने हातमोजे घालून घेतला),
फेलिसियान मुकादमाची हिशेबवही दिली.
मग तिने विचारलं,
आणि इथे जे बनायचं, त्याचा एखादा नमुना?

मी हसलो नाही.
कौलांचा कारखाना बंद पडला तर गावभर कौलं उरतात.
सोड्याच्या कंपनीची एखादी बाटली
कुणाच्या तरी माळ्यावर सापडतेच.
आम्ही दिवसाला तीनशे लाद्या काढल्या, साठ वर्षं.
वर्षाचे तीनशे दिवस धर, म्हटलं, पावसात मासेमारी बंद.
तिने फोनवर गुणाकार केला.
चोपन्न लाख.
कुठे गेल्या सगळ्या, असं तिच्या तोंडून निघून गेलं.
मी खिडकीकडे बोट केलं.
मांडवीला भरती होती.

वही आता काचेखाली आहे,
अक्षर सुंदर म्हणून एका पानावर उघडून ठेवलेली.
ट्रॉलरांची नावं : सांत आंतोन, नवदुर्गा, स्टार ऑफ बेती,
पुढे लाद्यांचे आकडे, पुढे पैसे.
त्याच्या अकरा पानं मागे माझा बाप आहे.
तोही इथलाच, डबे ओढणारा.
गेला तेव्हा धाकटा भाऊ जहाजावर, कुठल्याशा समुद्रात.
दोन रात्री बापाला थांबवायचं होतं.
नऊ लाद्या, भुसा दोन पोती.
पैशांच्या रकान्यात फेलिसियानने काही लिहिलं नाही,
शून्यही नाही.
रात्री आईने बापावर वाकळ घातली.
आम्ही काढली.
तिने परत घातली.

ते पान मी ऋजुताला दाखवलं नाही.

उद्घाटनाला मला पहिल्या रांगेत बसवलं,
म्हणजे टाकीत. टाकी तीच, खाऱ्या पाण्याची,
डब्यांच्या जागी खुर्च्या.
दिवे गेले, आणि माणसं कडेकडून गप्प होत आली.
बर्फही असाच धरतो,
मधला भाग सगळ्यात शेवटी.
एक मुलगी नाचली की नुसती चालली,
नक्की सांगता येणार नाही. पण एकदा ती
जिथे कॉम्प्रेसर होता तिथे थांबली
आणि माझे कान आपोआप
ठोका चुकतोय का ते ऐकू लागले.

मग सोलांचं सरबत आलं, वर बर्फ.
म्हापशाहून पिशव्यांतून आणला, पोऱ्या म्हणाला.
मी एक खडा बोटांनी काढून दिव्यासमोर धरला.
पोटात पांढरी रेघ.
पाणी धरताना आत हवा सोडत राहावी लागते, रात्रभर,
नाहीतर लादी आंधळी होते.
कुणी सोडली नव्हती.
एवढंच सांगायला ऋजुताला शोधत गेलो,
ती कुणा पाहुण्यांना आकडे दाखवत होती, थांबलो,
तोवर मुठीत नुसतं पाणी.
पुसायला खांद्यावर हात नेला.
पंचा आतल्या खोलीत, काचेमागे,
माझं नाव लावून.